चार रंगांच्या खुर्च्या

एकदा एका नगराबाहेर गरिबी हटवण्याचे शास्त्र शिकवणारे एक विद्यालय होते. शिकायला येणाऱ्यांना तिथे राहणे आणि दोन वेळचे भोजन फुकट असे. उपाशीपोटी कोणतेच शास्त्र डोक्यात शिरत नाही, हे तिथल्या जाणकारांना पक्के ठाऊक होते. स्वतःच्या पोटापुरते.

तिथे एक वृद्ध गुरुजी होते आणि त्यांचा एक फार हुशार शिष्य होता. पुढील शिक्षणासाठी राजधानीला एकाच विद्यार्थ्याची निवड व्हायची होती. ती याचीच होणार, असे सगळे धरून चालले होते. तो स्वतः तर सर्वांच्या आधीपासून.

अभ्यासाचा भाग म्हणून शिष्याला एका वस्तीत घरे मोजायला पाठवले. नियम सोपा होता. टीव्ही, पंखा, कपाट, खुर्च्या यांपैकी तीन वस्तू ज्या घरात दिसतील ते घर गरीब नव्हे. त्याचे स्वस्त धान्य बंद. शिष्याने एका दिवसात साठ घरे पाहिली आणि अठरा वगळली. विद्यालयात टाळ्या वाजल्या.

महिन्याभराने फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. हौसाबाई तिचे नाव. नवरा गेलेला, विड्या वळून दोन पोटे भरणारी. दुसरे पोट शेजारीच उभे होते, लग्नाच्या वयाची मुलगी.

"सायेब, माजं नाव गेलंय. दुकानदार धान्य देईना."

शिष्याने वही उघडली. "मावशी, तुमच्या घरात टीव्ही आहे, पंखा आहे, कपाट आहे, चार खुर्च्या आहेत. मी स्वतः पाहिलंय. होतं की नव्हतं?"

हौसाबाईने मुलीकडे पाहिले. मुलगी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"व्हतं," हौसाबाई म्हणाली.

"मग? आता वस्तू तुमच्या नसतील तर कुणाच्या ते लिहून द्या. आठ दिवस कागद चावडीवर लावू. कुणी हरकत घेतली नाही तर नाव परत."

"चावडीवर? समद्यांनी वाचायला?"

"नियम आहे, मावशी. सगळं उघड झालं पाहिजे."

"मग ऱ्हाऊ द्या सायेब." आणि ती मुलीचा हात धरून निघून गेली.

शिष्य गुरुजींकडे वळला. "पाहिलंत? चावडीचं नाव काढलं की खोटं कसं पळतं!"

गुरुजींनी वही मागून घेतली, एक पान बराच वेळ वाचले, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग न घेता कुठेतरी गेले. ते वस्तीत विड्या वळणाऱ्या बायकांत बसलेले दिसले, असे कुणीतरी सांगितले. म्हातारपणी माणूस असा वागतो, असेही सांगितले.

पुढे निवड करणारे पाहुणे राजधानीहून चार दिवसांसाठी आले. पहिल्या दिवशी शिष्य त्यांच्यासमोर गेला तो राजबिंडा होऊन. अंगात सोबत्याचा कोट, मनगटावर दुसऱ्याचे घड्याळ, पायात पहारेकऱ्याच्या मुलाचे चामडी बूट. पाहुण्यांनी कौतुकाने विचारले, "घरचे चांगले दिसता?" शिष्य नुसता हसला. दाराशी गुरुजी उभे राहून काही टिपत होते.

संध्याकाळी शिष्य जेवायला गेला तर वाढप्याने ताट आडवे धरले. "तुमचं नाव कापलंय. दारावर वाचा."

दारावर गुरुजींच्या अक्षरात लिहिले होते: 'कोट, घड्याळ, चामडी बूट. तीन वस्तू दिसल्या. विद्यार्थी संपन्न आहे. भोजन बंद. वस्तू स्वतःच्या नसल्यास कुणाच्या ते लिहून द्यावे. तो कागद याच दारावर लावण्यात येईल.'

पाहुणे त्याच दारातून जेवायला येत.

"काय शेठ, आज उपास?" कुणीतरी विचारले. कोटवाला सोबती कानाशी लागून म्हणाला, "बरं झालं बाबा कोट तू घातलास. नाहीतर आज उपाशी मी असतो."

शिष्याने कागद लिहिला नाही. दोन दिवस त्याने चणे आणि पाणी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी तो रागारागाने गुरुजींच्या खोलीत शिरला.

"गुरुजी, हा शुद्ध अन्याय आहे!"

"कोट तुझा आहे?"

"नाही. तुम्हाला माहीत आहे, नाही!"

"मग लिहून दे."

"पाहुण्यांसमोर? माझी काय किंमत राहील? एका दिवसापुरतं नीट दिसावं म्हणून मागून आणलं. त्यात लबाडी कसली? सगळेच आणतात!"

गुरुजींनी त्याचीच वही त्याच्यापुढे ठेवली. "हे वाच. मोठ्याने."

"हौसाबाई. टीव्ही एक, पंखा एक, कपाट एक. खुर्च्या चार. लाल, निळी, हिरवी, पांढरी..." शिष्याचा आवाज खाली गेला.

"रंगसुद्धा लिहिलेस! अरे, चार रंगांच्या चार खुर्च्या कोण विकत घेतं? चार शेजाऱ्यांच्या एकेक आहेत त्या. तू मोजायला गेलास त्याच दिवशी तिच्या मुलीला बघायला येणार होते. टीव्ही पलीकडच्या घरचा. त्याला तारसुद्धा जोडलेली नव्हती. ते मात्र तू लिहिलं नाहीस."

मुलगी बघायला येतात त्या दिवशी घर कसे दिसते आणि ते कुणाकुणाच्या घरून येते, हे कोणत्याही विद्यालयात शिकवत नाहीत. घरोघरच्या मुलींना ते शिकवल्याशिवायच येते.

"आणि तिथे तू काय खाल्लंस?" गुरुजींनी विचारले.

शिष्याने वही मिटली.

"मी विचारून आलोय. पोहे. शेंगदाणे घातलेले, पाहुण्यांसाठी केलेले. त्यातलेच तुला दिले. दोन बशा खाल्ल्यास, हात पुसलास आणि बाहेर पडून त्याच घराचं धान्य बंद केलंस!" आता गुरुजींचा आवाज चढला होता. "ती कागद का देत नाही, कळलं का आता? चावडीवर 'खुर्च्या शेजाऱ्यांच्या' असं लागलं तर ठरलेलं लग्न मोडेल. म्हणून ती बाई महिनाभर एक वेळ जेवते आहे. आणि आपण तिच्या गप्प बसण्याला लबाडी म्हणतो! आपल्याला पाठवलं होतं भूक शोधायला. आपण शोधत फिरतो लबाड माणसं, आणि जितकी जास्त सापडतील तितक्या टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांत मीही होतो रे. नियम मीच शिकवला तुला."



"तिचं नाव परत कसं घालायचं?" शिष्याने विचारले. "चावडीवर काही न लावता?"

"वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना असतो. 'गणकाची चूक'. तो भरला की बाकी कुणाला काही विचारत नाहीत. तीस वर्षांत तो कुणी भरलेला मी पाहिला नाही. चूक गणकाच्या, म्हणजे घरे मोजणाऱ्याच्या, नावावर चढते. पाहुणे उद्या वह्या तपासतील."

शिष्याने शेवटचे पान उघडले. रकान्यात लिहिले: 'हौसाबाईंचे घर. नीट पाहिले नाही.' खाली सही केली. मग उरलेल्या सतरा घरांचे पान काढून विचारले, "ही पुन्हा पाहायला किती दिवस लागतील?"

"नीट पाहिलीस तर खूप," गुरुजी म्हणाले.

राजधानीला दुसराच कुणी गेला. शिष्य वस्तीत गेला, तो स्वतःच्या साध्या सदऱ्यात.

"नाव लागलं, मावशी. उद्यापासून धान्य मिळेल."

हौसाबाईने आधी मुलीकडे पाहिले, मग दबक्या आवाजात विचारले, "चावडीवर काय लिवलंत?"

"काही नाही. वहीत लिहिलं, माझं चुकलं म्हणून."

ती त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "बसा. च्या टाकते. कोराच हाय बरं का, दूध न्हाई."

शिष्य जमिनीवर बसला. घरात एकही खुर्ची नव्हती.