नेमणुकीचे उपकार

हेमांगी शेवाळकर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या, म्हणून गावाने त्यांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे होते मंत्री भास्करराव निंबाळे. त्यांच्या कारखान्याचं घाण पाणी नदीत सुटतं, आणि त्याविरुद्धची याचिका सोमवारी हेमांगीताईंपुढेच येणार होती. याचिका करणारी नदीकाठची माणसंही मांडवात आली होती.

शाल घालून झाल्यावर भास्करराव माइकवर म्हणाले, "ताई, आता तुम्हाला 'माय लॉर्ड' म्हणायचं. पण दिल्लीत शब्द कुणी टाकला, तेवढं विसरू नका म्हणजे झालं."

खरं तर नावं सुचवतात ज्येष्ठ न्यायमूर्ती आणि सही करतात राष्ट्रपती. पण फुकटचं श्रेय सोडील तो पुढारी कसला.

हेमांगीताई उठल्या. "साहेब, मनापासून आभारी आहे. पण ज्याचे उपकार, त्याचं प्रकरण ऐकायचं नाही, असा आमचा रिवाज आहे. तेव्हा मी बाजूला होते. तुमच्या कारखान्याविरुद्धची याचिका न्यायमूर्ती दस्तुरांपुढे जाईल. त्यांनी नुकतंच दोन कारखान्यांना टाळं लावलंय."

भास्कररावांनी घाईने माइक ओढला. "अहो ताई, गंमत केली. मी कसला शब्द टाकतोय? तुमची नेमणूक तुमच्या गुणांवर झाली."

"म्हणजे तुमचे उपकार नाहीत?"

"अजिबात नाहीत."

"हे चारचौघांत सांगितलंत, त्याबद्दल मात्र खरोखर ऋणी आहे. आता सोमवारी मोकळ्या मनाने ऐकते."

नदीकाठच्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनाही वाजवाव्या लागल्या.