विजयकलशातली रयत

"कुंभारवाडा उठवा!" वीरभान राजानं नाक खाजवत फर्मान सोडलं. "मडकी तिथं पाणी, पाणी तिथं डास! पंधरा दिवसांत तिथलं एकही चाक फिरता कामा नये!"

ही अक्कल कारभारी भानोपंतांची. राजाच्या गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, अगदी पापणीवरही डास चावून गांधी उठल्या होत्या, आणि पंतांना कुणाचं तरी नाव पुढे करायचं होतं. गरिबाचं नाव सगळ्यात आधी सुचतं!

कुंभारवाड्यातल्या चाळीस घरांत चूल पेटेना. तेव्हा धोंडू कुंभाराची मुलगी सोनकी तडक दरबारात गेली.

"महाराज, डास आमचे नाहीत. तुमच्याच घरचे आहेत!"

"ए पोरी, जीभ आवर!" पंत ओरडले.

"पंत, आमची मडकी भाजेपर्यंत कोरडी आणि भाजल्यावर पालथी. राहिल्या फुटक्या खापऱ्या. त्यांत पाऊस साचतो, खरंय. पण आमच्या माळावरचं ऊन ते पाणी दोन दिवसांत पिऊन टाकतं. अळीला पंख फुटायला लागतात आठ दिवस. मग काय ती बिनपंखाची चालत येते राजवाड्यात?"

दरबारात खसखस पिकली.

"मग येतात कुठून?" राजानं विचारलं.

"बागेत चला, दाखवते."

बागेत बकुळीच्या गर्द सावलीत एक्केचाळीस विजयकलश मांडलेले होते. राजानं जिंकलेल्या एकेका नदीचं पाणी एकेका कलशात. ते कधी ओतायचं नाही, असा राजाचाच नियम! वरून पाऊस भर घाली, बकुळ पानं टाकी, आणि पानं कुजून पाण्याची पेज झालेली. सोनकीनं द्रोणात थोडं पाणी घेतलं. नुसती वळवळ! डोकं खाली, शेपूट वर, अशा शेकडो अळ्या.

"गार सावली, निवांत पाणी, पानांचा खुराक, आणि हात लावायची कुणाची छाती नाही! एवढे लाड तर माहेरीसुद्धा होत नाहीत, महाराज."

राजा खजील झाला. पण चूक कबूल करील तो राजा कसला!

"ठीक आहे. मग तूच डास घालव! पण थेंब सांडायचा नाही. कलश हलवायचा नाही. बकुळीची फांदी तोडायची नाही. झाकणही ठेवायचं नाही, विजय कुणी झाकून ठेवतं का? पंधरवडा देतो. नाही जमलं तर कुंभारवाडा उठलाच म्हणून समज!"

सोनकीनं द्रोणातलं पाणी जपून कलशात परत ओतलं आणि घराकडे न वळता ती थेट नदीवर गेली.

पंधरवडा सरला. राजाचं नाक पूर्वीसारखं गुळगुळीत झालं. तो आरशात बघत असतानाच पंत धापा टाकत आले.

"घात झाला, महाराज! पोरीनं कलशांत मासे सोडलेत! विजयाचं पाणी बाटवलं!"

राजा तडक बागेत गेला आणि सोनकीला तिथंच बोलावणं गेलं. कलशांत बोटाच्या पेराएवढे मासे सुळसुळत होते. अळी मात्र औषधालाही नव्हती.

"कुणाच्या परवानगीनं?" राजा गरजला.

"महाराज, या नद्या तुम्ही जिंकल्यात ना?"

"एकूण एक!"

"मुलूख जिंकला, की तिथली रयत कुणाची?"

"माझीच!"

"मग नदीची रयत म्हणजे मासे. तुम्ही घाईत नुसतं पाणी उचलून आणलंत, रयत मागेच राहिली! ओसाड मुलखात चोर शिरणारच. मी तुमची रयत आणून वसवली, तिनं चोर खाऊन टाकले. आणि पंतांसारखा पगारही मागत नाही!"

राजानं पंतांकडे पाहिलं. "थेंब सांडला?"

"नाही, महाराज."

"कलश हलला?"

"न... नाही."

राजा इतका हसला, इतका हसला, की पगडी घरंगळून कलशात पडता पडता वाचली! त्यानं कुंभारवाड्याची जमीन कुंभारांच्या नावे कायमची लिहून दिली आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सोनकीच्या हातात घातलं.

"आणि पंतांना काय, महाराज?" सोनकीनं भोळा चेहरा करून विचारलं.

"पंत आजपासून एक्केचाळीस मुलखांचे सुभेदार! रोज सकाळी बाह्या सरसावून रयतेची विचारपूस करायची!"