सारस सकाळी कुठे जातो

"एकटा राहिलेला सारस अन्न सोडतो... हे खरं ना, बुवा?"

गुणवंत बोपचे यांनी काठावरूनच विचारलं. डोंग्यात अजून पायही ठेवला नव्हता.

झिबलबुवा डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसत होते. मान वर न करता म्हणाले, "कोन सांगतलं?"

"सगळेच म्हणतात. शिवाय मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच महिने."

"पाच महिने देखलं, मंग मले कायले विचारता?"

बोपच्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

बुवा ढिवर, मासेमार. तलावाचं अभयारण्य झालं तेव्हा जाळी बंद झाली आणि डोंगा पाहुण्यांना फिरवू लागला. सारस कसे मोजायचे, हे त्या भागातल्या पुष्कळांना बुवांनी शिकवलेलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बोपचे त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकले. पण ते हायस्कूलचे शिक्षक, सारं गाव त्यांना गुर्जी म्हणे, म्हणून बुवाही म्हणत. चेल्याला गुर्जी म्हणताना त्यांच्या मिशीत काहीतरी हलायचं.

भाद्रपदात तलावावरच्या जोडीतली मादी विजेच्या तारेला धडकून मेली. नर उरला.

त्याच महिन्यात बोपच्यांची पत्नी गेली.

तेव्हापासून त्यांनी मीठ सोडलं होतं. जेवण एकच वेळ. ते रस्त्यानं निघाले की ओट्यावरची माणसं आवाज खाली करत... ते त्यांना आवडत नसे असं नाही.

अभयारण्याच्या फाटकावर आता सारसाची पाटी लागायची होती. मजकूर बोपच्यांनी लिहिला होता. वनखात्याचे साहेब म्हणाले होते, बुवांनी मान हलवली की रंगाऱ्याला देऊ.

बोपच्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. "जोडीदार गेल्यावर सारस अन्नपाणी वर्ज्य करतो आणि झुरून प्राण सोडतो. प्रेम कसं करावं, हे माणसानं त्याच्याकडून शिकावं."

"आणखी एकडाव वाचा."

त्यांनी वाचलं.

"आवाज मस्त हाये तुमचा," बुवा म्हणाले.

"मग साहेबांना हो सांगू?"

"बसा."

बुवांनी बांबू रोवला. डोंगा निघाला. पाण्यावर धुकं होतं. कमळाच्या पानांवरून एक पाणकोंबडी पळत गेली आणि थांबून त्यांच्याकडे पाहत राहिली.

उथळात सारस उभा होता. एकटा. गुडघाभर पाण्यात, मान आखडून.

"पाहा," बोपचे कुजबुजले. "रोज असाच. पाण्याला चोच लावत नाही."

"कवरीक बसता तुमी इथं?"

"पावणेसातपर्यंत."

"मंग?"

"मग शाळा."

"अन् तो?"

"तो म्हणजे?"

"तुमी शाळेत जाता. तो कोठी जाते?"

"कुठे जाणार? उभाच असेल."

"देखलं?"

बोपच्यांनी घड्याळ पाहिलं.

"आज आयतवार हाये," बुवा म्हणाले आणि बांबू मांडीवर आडवा ठेवून बसले.

सात वाजून गेले. धुकं विरलं. सारसानं मान लांब केली, दोन पावलं धावला आणि पंख पसरून पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, पलीकडे गेला.

बुवांनी डोंगा पाळीला लावला. वर वनखात्याच्या दोन सायकली उभ्या होत्या. एकीच्या चाकात हवा नव्हती. दुसरीच्या कॅरिअरवर बुवा ऐटीत बसले.

"हाका, गुर्जी. गुरूले ओढाचंच काम असते चेल्याचं."

पाळीवरची वाट खडबडीत होती. बोपच्यांचा श्वास फुलला. एक वेळच्या जेवणावर ते आता पूर्वीसारखे सायकल मारू शकत नव्हते. मागून बुवा म्हणाले, "पैदल गेलो असतो तं कवाच पोचलो असतो."

"उतरा मग."

"नाही बा. मजा येऊन रायली."

एका पळसाखाली वाट संपली. सायकल तिथे टेकवून दोघं कापणी झालेल्या धानाच्या बांध्या-खाचरांमधून, मातीच्या अरुंद धुऱ्याधुऱ्यानं चालत गेले. तिसऱ्या धुऱ्यावर बुवांनी हात आडवा केला.

सारस खात होता.

चिखलात चोच खुपसायचा, काहीतरी उपटायचा, मान मागे टाकायचा. घास लांब गळ्यातून खाली उतरताना दिसायचा. पुन्हा चोच खाली. सांडलेलं धान, गोगलगायी, कसलेसे कंद. त्याला घाई नव्हती. थांबणंही नव्हतं.

बोपचे बराच वेळ पाहत राहिले.

"बेइमान," ते हळूच म्हणाले.

बुवांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

"कधीपासून खातो?"

"दोन दिवस नाही खाल्लं. तिसऱ्या दिवशी आला इथं."

"तुम्ही पाहिलं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाही! पाच महिने!"

"तुमी कोठी विचारलं, गुर्जी? तुमी तं सांगत होते."

बुवा धुऱ्यावर बसले. फडक्यातून जेवणाचा डबा सोडला. भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. वाटेत तोडलेली पळसाची दोन पानं त्यांनी पुसली, दोन्हींवर भात वाढला आणि एक बोपच्यांपुढे सरकवलं.

"चटणीत मीठ आहे, बुवा."

"हाये ना. बिना मिठाची कोन खाते?"

"मी सोडलंय... तुम्हाला माहीत आहे."

"माईत हाये."

बुवा जेवू लागले. तिकडे सारसही जेवत होता. मधे बोपचे उभे होते.

मग ते खाली बसले. खिशातला कागद पुन्हा काढला. त्यांनी त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खिशात न ठेवता तशीच मुठीत धरून ठेवली.

"मग मी जे पाहिलं ते..." त्यांनी तलावाकडे बोट दाखवलं. "संध्याकाळी मी येतो तेव्हा तो तिथंच असतो, बुवा. दोघं उभी राहायची त्याच जागी. रात्रभर तिथून हलत नाही. निदान ते तरी खोटं नाही ना?"

"ते खोटं कसं होईन? मीबी देखतो."

"मग हे खाणं काय?"

बुवांनी बोटं चाटली. सारसाकडे पाहिलं. मग बोपच्यांच्या पुढ्यातल्या पानावर, भाताशेजारी, आणखी थोडी चटणी ठेवली.

"जेवू द्या त्याले, गुर्जी. रातभर उभं राहाचं हाये."