निम्म्या कळा

एका गावात हैबती नावाचा एक भोळा बुरूड होता. सुपं, टोपल्या सुरेख विणायचा. बाकी त्याच्या डोक्यात जे घालाल ते तसंच राहायचं आणि भलत्याच वेळी बाहेर यायचं.

त्याच्या बायकोचे, चांगुणाचे, दिवस भरत आले होते. एका सकाळी तिचं पोट दगडासारखं कडक झालं. हैबती धावत गेला आणि गोदाक्का सुईणीला घेऊन आला. गोदाक्कानं चांगुणाला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. कळ गेली.

"खोटी होती," गोदाक्का म्हणाली. "हैबती, ध्यानात ठेव. चालल्यावर थांबली ती खोटी. कितीही चाला, थांबत नाही, उलट वाढतच जाते, ती खरी."

हैबतीनं ध्यानात ठेवलं.

दुपारी चांगुणाची आई आली. लेकीच्या बाळंतपणासाठी बिचारी घाट चढून आली होती. दारात येऊन उभी राहिली. हैबतीनं तिला नीट न्याहाळलं.

"चालत आलात?"

"हो, जावईबापू."

"आणि आता थांबलात?"

"थांबले की."

"मग तुम्ही खोट्या," हैबती म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

चांगुणानं अवघडल्या अंगानं उठून दार उघडलं. आई आत येऊन टेकली.

"माझं राहू द्या, जावईबापू. पण पोरीला कळा येतील तेव्हा तरी नीट वागा. माणूस कण्हायला लागलं की काही विचारत बसू नये. मागं बसावं, कंबर चोळावी आणि म्हणावं, सैल सोड, सैल सोड."

संध्याकाळी हैबती विहिरीवर गेला. तिथं येसू गवळी कण्हत कण्हत भरलेली घागर ओढत होता. हैबतीनं काही विचारलं नाही. मागं गेला, येसूची कंबर चोळायला लागला. "सैल सोड, सैल सोड."

येसूला गुदगुल्या झाल्या. त्यानं सोडलं. घागर गेली, दोरही गेला.

"अरे शहाण्या," येसू म्हणाला, "कण्हणाऱ्याला सोड म्हणतात होय? तो जे करतोय तेच आपण करावं. निम्मा भार आपल्या अंगावर घ्यावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाला पुन्हा कळा आल्या. चालून पाहिलं, थांबेनात. एक ओसरते तोच दुसरी, आणि दरवेळी आधीपेक्षा जोराची. ती घोंगडीवर आडवी होऊन कण्हू लागली.

"अहो, गोदाक्काला बोलवा."

हैबती तिच्या शेजारी आडवा झाला आणि तिच्याहून मोठ्यानं कण्हू लागला.

"हे काय?"

"निम्मा भार घेतोय."

शेवटी आईच धावली. गोदाक्काला गल्लीतूनच कण्हणं ऐकू आलं. वेळ जवळ आली म्हणून ती लगबगीनं आत शिरली आणि सवयीनं जास्त ओरडणाऱ्याच्या पोटाला हात लावला. मग वर मिशा दिसल्या. तिनं हैबतीला ओढून कोपऱ्यात सारलं. तिथंही तो इमानानं कण्हत राहिला. तेवढ्या कळांतही चांगुणाला हसू फुटलं.

दुपार व्हायच्या आत बाळ रडलं.

"मुलगी झाली. दोघीही सुखरूप," गोदाक्का म्हणाली. हात धुऊन निघायला लागली, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"गोदाक्का, बसा. जुळं आहे. दुसरं माझ्याकडं राहिलंय."