होडीवरचा शब्द

फार पूर्वी, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका बंदरात एक दुभाष्या राहत होता. सबंध बंदरात इंग्रजी येणारा माणूस तो एकटाच. मग त्याचा रुबाब काय विचारता! सरदारांच्या कचेरीत त्यांच्या उजव्या हाताला त्याची बैठक, आणि रस्त्यात भेटेल तो आधी त्याला रामराम घालणार.

या दुभाष्याला एक छंद होता. सारख्या अक्षरांनी सुरू होणारे विचित्र इंग्रजी शब्द तो वहीत गोळा करी. एका पानावर नुसते 'इन'ने सुरू होणारे शब्द. इनडेलिबल म्हणजे न पुसता येणारे. इनसिपिड म्हणजे बेचव. इनकॉग्निटो म्हणजे ओळख न देता वावरणारा. पानाच्या तळाशी त्याने ठसठशीत अक्षरांत नियम लिहून ठेवला होता : 'पुढे इन दिसला की अर्थ उलटा.' हा नियम सापडला त्या दिवशी स्वारी इतकी खूश, की बायकोला शिरा करायला लावला!

त्याच बंदरात एक तांडेल होता. तांडेल म्हणजे होडी चालवणारा. त्याच्या होडीचे नाव 'अमोल', आणि ते पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगात लिहिलेले. एका रात्री मोठे तुफान झाले, सगळे दारे लावून बसले आणि एक परदेशी गलबत खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतायला आले. तांडेल एकटा त्या लाटांत होडी घेऊन गेला, गलबतावर चढला आणि ते सुखरूप आत घेऊन आला. सरदार आणि दुभाष्या तेव्हा परगावी होते. ते परतले तोवर गलबत निघूनही गेले होते.

"तू म्हणतोस ते खरे असेल, तर बंदराचा मुख्य वाटाड्या तूच," सरदार तांडेलाला म्हणाले. "पण कप्तानाचे पत्र येऊ दे."

पत्र आले. कचेरी माणसांनी भरून गेली. पुढच्या रांगेत तांडेलाचा म्हातारा बाप धुतलेले पागोटे बांधून बसला होता. खाडीतली वाट त्यानेच पोराला शिकवली होती, आणि पोराचे कौतुक कानांनी ऐकायला तो काठी टेकत आला होता.

दुभाष्या घडाघडा वाचू लागला. "तुमच्या तांडेलाची मदत..." आणि तो अडखळला. पुढचा शब्द त्याने जन्मात पाहिला नव्हता. इनव्हॅल्युएबल.

त्याचे घर कचेरीसमोरच. घरात पेटीत जाडजूड इंग्रजी कोश. 'जरा थांबा, हा शब्द मला ठाऊक नाही, बघून येतो,' एवढे म्हटले असते तर काय बिघडले असते? पण सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळलेल्या! एवढा मोठा दुभाष्या आणि अडला? छे! शिवाय नियम होताच की. व्हॅल्युएबल म्हणजे मोलाचे, पुढे इन. झाले तर!

"...मदत कवडीमोलाची होती!" त्याने खणखणीत आवाजात वाचले.

तांडेल ताडकन उभा राहिला.

"असं कसं लिहिलं? गलबत मीच आणलं, सरदार! देवाशपथ!"

"म्हणजे कप्तान खोटा आणि तू खरा? थापा मारून वाटाड्या व्हायला निघालास?" सरदार कडाडले. "याची होडी जप्त करा! आणि तू चालता हो या बंदरातून!"

म्हातारा बाप काठीचा आधार घेत उठला. "पोरा, तू थाप मारलीस?" एवढेच म्हणाला आणि उत्तराला न थांबता बंदर सोडून दूरच्या गावी निघून गेला.

तीन महिन्यांनी कप्तान स्वतः आला. किनाऱ्यावर पाय ठेवताच त्याने विचारले, "माझा तांडेल कुठे आहे?"

"अहो, त्याची मदत कवडीमोलाची होती असं तुम्हीच तर लिहिलं होतं!" दुभाष्या म्हणाला.

कप्तान थक्क झाला. मग छातीवर हात ठेवून त्याने तो शब्द सावकाश उच्चारला. "इनव्हॅल्युएबल!"

दुभाष्या धावत घरी गेला, पेटी उघडली, कोशाची पाने उलटली. अर्थ होता : 'ज्याची किंमतच करता येणार नाही, इतके मोठे.'

अरे देवा! डोके धरून तो बाहेर आला, तर समोर वाळूत जप्त केलेली होडी कलंडून पडलेली. तिच्यावरचे नाव त्याने वाचले. अमोल. अ म्हणजे नाही, मोल म्हणजे किंमत. हे नाव तो वर्षानुवर्षे रोज वाचत होता, आणि त्याचा अर्थ कवडीमोल असा त्याने एकदाही लावला नव्हता!

तो तसाच सरदारांपुढे गेला आणि त्याने सगळे कबूल केले. सरदारांचा चेहरा पांढरा पडला. "जा," ते कसेबसे म्हणाले. "त्याला घेऊन ये."

शेजारच्या बंदरात तांडेल दुसऱ्याची जाळी विणत बसला होता. दुभाष्याने त्याचे पाय धरले.

"चूक माझी झाली. कप्तानाने तुला अनमोल म्हटलं होतं रे! सरदारांनी होडी परत दिली, वाटाड्याची जागाही दिली. चल."

तांडेलाने हातातली गाठ पुरी केली. "येईन," तो म्हणाला. "पण हे माझ्या बापाला सांगा."

"सांगतो ना! आत्ता सांगतो, पाया पडून सांगतो! कुठे आहेत ते?"

"मागच्या अमावास्येला गेला. मला लबाड समजूनच गेला."

दोन भाषा येणाऱ्या त्या माणसाला एकाही भाषेत बोलायला शब्द सापडेना. त्याला फक्त वहीतल्या त्या पानावरचा पहिला शब्द आठवत राहिला. न पुसता येणारे.

तात्पर्य : 'मला ठाऊक नाही' म्हणायची लाज क्षणभरच वाटते, ते न म्हटल्याची किंमत मात्र दुसऱ्याला जन्मभर मोजावी लागते.