बाबाचा स्टँड आणि मुंगीचा हरभरा

जवळ या. अजून जवळ या. गोष्टीतली मुंगी फार लहान आहे. लांबून दिसायची नाही.

तर होती एक मुंगी. काळी काळी. तिळाएवढी. ती राहायची आमच्या खिडकीतल्या भेगेत.

त्या दिवशी मुंगीची फार गडबड होती. तिच्या भावाला बाळ झालं होतं. संध्याकाळी बाळाचं बारसं! मुंगी झाली आत्या. बारशाला हव्यात घुगऱ्या. घुगऱ्यांना हवा हरभरा. आणि हरभरा आणायचा मान कुणाचा? आत्याचा!

मुंगीनं स्वयंपाकघरातून एक हरभरा आणला. ढकलला. गडगड गडगड. पुन्हा ढकलला. गडगड गडगड. टेबलाच्या पायावरून वर चढवला. हुश्श! खिडकी आता जवळच होती. पण मुंगी दमली. म्हणाली, "जरा टेकते."

ती टेकली आणि घोटाळा झाला.

कारण टेबलाशी बसला होता एक बाबा. कोण बाबा? मीच की! हसा, हसा. पुढे अजून हसायचं आहे.

बाबाकडे होता एक कंप्युटर. हातात मावेल एवढा. इवला पडदा. इवली बटणं. पण कंप्युटर धरला, की चहा धरता येईना. चहा धरला, की कंप्युटर धरता येईना. बाबा म्हणाला, "याला टेबलावर बसायला स्टँड करू. घरीच करू. त्यात काय मोठंसं?"

बाबा "त्यात काय मोठंसं" म्हणाला, की आई डोक्याला हात लावते.

बाबानं कागद घेतला. स्टँडचं चित्र काढलं. ते घोड्यासारखं दिसायला लागलं. बाबा म्हणाला, "चालेल. घोड्यालाही चार पाय असतात."

मग फळी कापली. खर्र खर्र, खर्र खर्र. खिळे ठोकले. ठक ठक, ठक ठक. एक खिळा अंगठ्यावर. आई गं!

आता पाय करायचे. पाय केवढा उंच? "एक बोट!" बाबा म्हणाला. बोट आडवं धरलं. खूण केली. एक पाय झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. तेवढ्यात बाबाचं बोट डिंकानं बरबटलं. बाबानं हाक मारली, "जाई, तुझं बोट दे गं जरा!"

जाई आमची लेक. वय वर्षं दोन. तिचं बोट केवढं? एवढुस्सं! बाबानं ते आडवं धरलं. खूण केली. चौथा पाय झाला. एक बोट म्हणजे एक बोट!

स्टँड उभा केला. वर कंप्युटर ठेवला. डुगडुग, डुगडुग!

चौथा पाय आखूड!

बाबानं इकडे बघितलं. बाबानं तिकडे बघितलं. समोर हरभरा! उचलला. आखूड पायाखाली सारला. डुगडुग थांबलं. "वा!" बाबा म्हणाला. स्वतःच म्हणाला. स्वतःलाच म्हणाला.

मुंगीनं बघितलं. तिचा दाणा! तिला रडूच आलं. "दाणा नाही, तर घुगऱ्या नाहीत. घुगऱ्या नाहीत, तर बारसं नाही. बारसं नाही, तर बाळाला नाव नाही. बिननावाचं बाळ! त्याला हाक कशी मारायची?"

मग तिनं डोळे पुसले. मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगी गेली स्टँडकडे.

"स्टँडदादा, स्टँडदादा, पाय काढ ना."

"का गं मुंगीताई?"

"दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

स्टँड म्हणाला, "मी नाही काढणार. माझ्या डोक्यावर कंप्युटर बसलाय. तो उतरेल, तर मी पाय काढीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगी गेली कंप्युटरकडे.

"कंप्युटरभाऊ, कंप्युटरभाऊ, खाली उतर ना."

"का गं मुंगीताई?"

"स्टँड पाय काढेना.
दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

कंप्युटर म्हणाला, "टुंग! मी नाही उतरणार. मला पायच नाहीत. बाबा उचलेल, तर मी उतरेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगी गेली बाबाकडे. म्हणजे माझ्याकडे. मी छाती फुगवून उभा होतो.

"बाबा, बाबा, कंप्युटर उचल ना."

"का गं मुंगीताई?"

"कंप्युटर उतरेना.
स्टँड पाय काढेना.
दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

बाबा म्हणाला, "मी नाही उचलणार. एवढा छान स्टँड केला! अजून कुणी बघितलासुद्धा नाही. आई शाबास म्हणेल, तर मी उचलीन."

ऐकलंत? एवढा मोठा बाबा. शाबासकीसाठी अडून बसला. तिकडे बाळ बिननावाचं!

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मुंगी गेली स्वयंपाकघरात, आईकडे. आई डब्यांच्या घोळक्यात उभी होती. हळद जमिनीवर. मोहरी जमिनीवर. जिरंही जमिनीवर.

"आई, आई, बाबाला शाबास म्हण ना."

"का गं मुंगीताई?"

"बाबा उचलेना.
कंप्युटर उतरेना.
स्टँड पाय काढेना.
दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

आई म्हणाली, "शाबास? मी नाही म्हणणार! स्टँड कशाचा केलाय विचार त्याला. माझ्या डब्यांची फळी कापली त्यानं! सुतारकाका नवी फळी ठोकतील, तर मी शाबास म्हणेन."

हो. कापली. फळी रिकामी दिसली मला. डबे होते तिच्यावर, पण मधे मधे रिकामी होती.

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. उंबरा ओलांडला. तुरुतुरु तुरुतुरु. गल्ली ओलांडली. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन कलायला लागलं होतं.

मुंगी गेली सुतारकाकांकडे.

"काका, काका, आईची फळी ठोका ना."

"का गं मुंगीताई?"

"आई शाबास म्हणेना.
बाबा उचलेना.
कंप्युटर उतरेना.
स्टँड पाय काढेना.
दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

काका म्हणाले, "आता कसं ठोकू बाई? माझी करवत नेलीय त्या बाबानं. 'आत्ता आणून देतो' म्हणाला. चार दिवस झाले, त्याचं 'आत्ता' काही उजाडेना! करवत येईल, तर मी फळी ठोकीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गल्ली ओलांडली. तुरुतुरु तुरुतुरु. उंबरा ओलांडला. करवत शोधली. कपाटाखाली नाही. दाराआड नाही. पलंगाखाली? हो! पलंगाखाली गोणपाट. गोणपाटात करवत. आणि गोणपाटावर कोण?

मनीमाऊ! फुगून बसलेली. भिंतीकडे तोंड करून.

"मनीमावशी, मनीमावशी, करवतीवरून ऊठ ना."

"का गं मुंगीताई?"

"काका फळी ठोकेना.
आई शाबास म्हणेना.
बाबा उचलेना.
कंप्युटर उतरेना.
स्टँड पाय काढेना.
दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

मनी म्हणाली, "फिस्स! मी नाही उठणार. तो बाबा स्टँड बघत होता. लांबून कसा दिसतो, म्हणून मागे सरकला. अजून मागे सरकला. आणि दिला पाय माझ्या शेपटीवर! वर 'वा!' म्हणाला. बाबा 'चुकलो' म्हणेल, तर मी उठेन."

आता बघा. दाणा कुणी घेतला? बाबानं. फळी कुणी कापली? बाबानं. करवत कुणी ठेवून घेतली? बाबानं. शेपटीवर पाय कुणाचा? बाबाचा! मुंगी सगळीकडे फिरली आणि पुन्हा माझ्याचपाशी आली.

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आता तिला राग आला होता. खिडकीतलं ऊन निम्मं खाली उतरलं होतं.

मुंगी गेली बाबाकडे.

"बाबा, बाबा, 'चुकलो' म्हण ना."

"का गं मुंगीताई?"

"मनी जागची हलेना.
काका फळी ठोकेना.
आई शाबास म्हणेना.
बाबा उचलेना.
कंप्युटर उतरेना.
स्टँड पाय काढेना.
दाणा सुटेना.
बाळाचं बारसं होईना!"

बाबा म्हणाला, "चुकलो? मी? मी कशाला चुकेन? मनीनं शेपटी मधे ठेवली होती!"

हे मी म्हणालो. मला आता लाज वाटते. पण म्हणालो खरं.

मुंगी बाबाच्या बाहीवर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. मनगटावर आली. तुरुतुरु तुरुतुरु. बोटावर आली. थांबली. आणि...

करकच्च!

"आई आई आई गं!" बाबा नाचायला लागला. या पायावर. त्या पायावर. "चुकलो! चुकलो! चुकलो!"

आई दारात आली. जाई टाळ्या वाजवायला लागली.

बाबानं बोट चोखलं. खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "खरंच चुकलो."

खरं सांगू? म्हटल्यावर मला फार बरं वाटलं. इतकुसा तर शब्द. उगाच दिवसभर अडवून ठेवला होता.

बाबा पलंगाखाली वाकला. मनीला म्हणाला, "चुकलो गं मने."

मनी उठली. शेपटी झाडली. म्याँव!

बाबानं करवत घेतली. धावत काकांकडे गेला. "चुकलो काका." काका म्हणाले, "असू दे, असू दे. चल, तुझं 'आत्ता' झालं एकदाचं!"

काका आले. नवी फळी आणली. कापली. खर्र खर्र, खर्र खर्र. ठोकली. ठक ठक, ठक ठक. अंगठ्यावर एकही नाही.

डबे वर गेले. हळद वर. मोहरी वर. जिरंही वर. बाबा म्हणाला, "फळीचं चुकलंच माझं."

आई म्हणाली, "शाबास!"

स्टँडला नाही म्हणाली हं. "चुकलो" म्हटलं, त्याला म्हणाली. पण बाबाला ती शाबासकी गोड लागली. स्टँडच्या शाबासकीपेक्षा गोड लागली.

मग काय!
आई शाबास म्हणाली.
बाबानं उचलला.
कंप्युटर उतरला. टुंग!
स्टँडनं पाय काढला.
दाणा सुटला. गडगड गडगड!

आणि स्टँड? डुगडुग, डुगडुग!

काकांनी स्टँड उलटा केला. एक डोळा मिटून पाय बघितले. "हे तीन कुणाच्या बोटानं मोजले?"

"माझ्या," बाबा म्हणाला.

"आणि हा चौथा?"

जाईनं आपलं एवढुस्सं बोट वर केलं.

काका इतके हसले, इतके हसले, की खाली बसले. मग म्हणाले, "चौघांत शहाणा पाय हाच. बाकीचे उगाच वाढलेत!" त्यांनी करवत घेतली. खर्र, एक पाय. खर्र, दुसरा पाय. खर्र, तिसरा पाय. चारही पाय जाईच्या बोटाएवढे झाले. स्टँड उभा केला. डुगडुग नाही. वर कंप्युटर ठेवला. तरी डुगडुग नाही! बाबानं एका हातात चहा धरला आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबली. टुक टुक टुक.

तोवर मुंगी कुठे? ती केव्हाच निघाली होती. तुरुतुरु गडगड, तुरुतुरु गडगड. थेट भेगेत!

मुंग्यांनी हरभरा फोडला. शिजवला. चिमूटभर मीठ घातलं. घुगऱ्या झाल्या. पाळणा हलला. सगळ्या मुंग्या गोळा झाल्या. आत्या पुढे आली. बाळाच्या कानाशी वाकली.

कुर्रर्र!

आणि कानात नाव सांगितलं.

बाबाला राहवेना. तो खिडकीशी गेला. भेगेपाशी तोंड नेलं. "मुंगीताई, मुंगीताई, बाळाचं नाव काय ठेवलं?"

मुंगी बाहेर आली. बाबाच्या बोटावर चढली. म्हणाली, "शहाणू!"

"वा! छान आहे. पण हेच का गं ठेवलं?"

मुंगी म्हणाली, "अरे बाबा, या घरात एक तरी नको का?"

मुंग्या हसल्या. आई हसली. जाई हसली. भिंतीकडे तोंड करून मनीसुद्धा हसली.

आणि मी? मीही हसलो. करतो काय! माझ्या बोटावर मुंगी होती ना.