मदत खाऊन लठ्ठ झालं कोण?

“उद्या सूर्य मावळायच्या आत, माझी मदत खाऊन लठ्ठ झालेला एक तरी माणूस मला दाखवा!” हेमनगरीचा राजा भद्रसेन कडाडला. “इतकी वर्षं मदत देतोय, तरी तुमची माणसं हडकुळीच! एक जरी लठ्ठ दाखवलात, तर तुमचं सगळं कर्ज माफ. नाही दाखवलात, तर तुमच्या गडावरचा झरा माझा!”

समोर उभ्या असलेल्या कुसळगडच्या म्हाताऱ्या राजांनी, हरबाजींनी, कपाळावर हात मारला. झाली का पंचाईत! कुसळगड म्हणजे मूठभर डोंगरी राज्य, आणि पाण्याचा झरा तेवढा एकच. तो गेला तर लोकांनी प्यायचं काय, दंव? दर दुष्काळात हेमनगरीहून धान्याची मदत निघायची, ती कर्ज म्हणून डोक्यावर चढायची, आणि माणसं आपली होती तशीच काटकुळी! लठ्ठ माणूस आणायचा कुठून? तिथले उंदीरसुद्धा कधीच माहेरी निघून गेले होते.

हरबाजींबरोबर येसू आली होती. ही त्यांची स्वयंपाकीण. वकील ठेवायची ऐपत नाही, म्हणून राजे दरबारात नेहमी तिलाच घेऊन येत. निदान भाकरी तरी वेळेवर मिळे. ती पदर खोचून पुढे झाली.

“उद्या कशाला, महाराज? आत्ताच दाखवते की!”

“येसू, गप बस गं!” हरबाजी कुजबुजले.

“तुम्ही नुसता श्वास घ्या, राजे. महाराज, तुमची मदत निघते शंभर पोत्यांची. पण अट काय? गाड्या हेमनगरीच्याच! त्यांचं भाडं पोत्यांतून. मोजायला कारकून तुमचेच, त्यांचा पगार पोत्यांतून. वर देखरेखीला हे मदतमंत्री गुणवंतराव! यांचा मानपान तर विचारूच नका! आमच्या दारात येतात चार पोती, आणि कर्ज मांडतात शंभरांचं. वर रिकामी पोती परत मागतात ती वेगळीच!”

“खोटं! साफ खोटं!” गुणवंतराव उसळले. “एक दाणा खाल्ला असेन तर शपथ! मंत्री झालो त्या दिवशी होतो, तस्साच आहे मी!”

“हो का? त्या दिवशी मीही होते इथं. महाराजांनी तुम्हाला मानाचा कमरपट्टा दिला होता. तो आज गळ्यात का हो घातलाय?”

दरबारात खसखस पिकली.

“ती... ती नवी पद्धत आहे!”

“बांधा कमरेला!” राजाचा हुकूम सुटला.

गुणवंतरावांनी श्वास आत ओढला. पोट काही आत जाईना! दोन शिपाई दोन बाजूंनी पट्टा ओढू लागले, तिसऱ्यानं पाठीत गुडघा लावला. गुणवंतराव लालबुंद झाले आणि... टण्ण! पट्ट्याची कडी उडाली ती थेट राजपुरोहितांच्या टकलावर!

“बघा, महाराज! हा घ्या तुमची मदत खाऊन लठ्ठ झालेला माणूस!”

“अगं, पण हा तर माझाच माणूस!”

“मग? तो आमच्याच गडावरचा हवा, असं कुठं म्हणालात?”

राजा जो हसत सुटला, तो थांबेचना! “कर्ज माफ! झरा तुमचा! आणि पोरी, हे सोन्याचं कडं तुला बक्षीस! खजिनदार, हे घ्या, कारकुनाकडे द्या, तो गाडीवानाकडे देईल, गाडीवान गडावर—”

“थांबा, महाराज!” येसू ओरडली. “एवढ्या हातांतून आलं, तर माझ्यापर्यंत येईस्तोवर कड्याची नाकातली चमकी होईल! द्यायचंच तर इथंच, माझ्या हातात द्या. आणि यंदाचं धान्यही तसंच द्या. गाढवं आमची आम्ही आणलीत!”

राजाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. त्यानं स्वतःच कडं तिच्या मनगटात चढवलं, आणि त्याच दुपारी शंभरच्या शंभर पोती बिनकर्जाची कुसळगडच्या गाढवांवर चढली. पोती उचलायला कोण होतं म्हणता? गुणवंतराव!